एसडीएलच्या उपप्रणाली : सगळ्या एकदम सुरू कराव्यात, की लागतील तेवढ्याच?

अनुस्वार

नमस्कार. गेल्या काही महिन्यांपासून मी एसडीएल (खिडकी, चित्र, आवाज, माउस वगैरे हाताळण्याचा तयार कोड देणारी लायब्ररी) हिची दुसरी आवृत्ती वापरून सी भाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहीत आहे. पडद्यावर अक्षर उमटते, त्याचा उच्चार ऐकू येतो आणि मुलांनी ते अक्षर माउसने गिरवायचे असते. मी ज्या टिपणावरून शिकले त्यात पहिलीच सूचना अशी होती की एसडीएल_इनिट या फंक्शनला ‘एव्हरीथिंग’ हा फ्लॅग द्यावा, म्हणजे चित्र, आवाज, टायमर, जॉयस्टिक असे सगळे एका कॉलमध्ये सुरू होते आणि पुढे काही पाहावे लागत नाही. मी तसेच केले आणि माझ्या संगणकावर ते कधीही अडले नाही.

मागच्या आठवड्यात एका मैत्रिणीने तोच प्रोग्रॅम तिच्या लिनक्सच्या संगणकावर चालवून पाहिला. त्या संगणकाला ध्वनीचे कोणतेच उपकरण जोडलेले नाही. खिडकी उघडलीच नाही. टर्मिनलवर ‘डीएसपी: नो सच ऑडिओ डिव्हाइस’ एवढी एक ओळ आली आणि प्रोग्रॅम बंद पडला. आवाज नसला तरी अक्षर गिरवता आले असते, म्हणून हे मला फार लागले.

माझे दोन प्रश्न आहेत. उपप्रणाली, म्हणजे चित्र, आवाज असे लायब्ररीचे वेगवेगळे भाग, एकाच कॉलमध्ये सुरू कराव्यात की वेगवेगळ्या? आणि वेगवेगळ्या करायच्या असतील, तर त्यातली कोणती सुरू झाली नाही म्हणजे प्रोग्रॅम थांबवावा, हे कशावरून ठरवावे?

तळटीप

तुमच्या मैत्रिणीच्या संगणकावर नेमके काय घडले ते आधी सांगतो, म्हणजे पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यातच सापडेल. एसडीएल_इनिटला आपण देतो तो एक आकडा असतो आणि त्यातला प्रत्येक बिट एका उपप्रणालीचा असतो. टायमरचा १, ध्वनीचा १६, व्हिडिओचा ३२, जॉयस्टिकचा ५१२, अशी त्यांची दशमान किंमत आहे. व्हिडिओ आणि ध्वनी दोन्ही हवे असतील तर ४८ जातो. फंक्शन हे बिट एका ठरावीक क्रमाने तपासते: आधी इव्हेंट (कळ दाबणे, खिडकी बंद करणे अशा घटनांच्या सूचना), मग टायमर, मग व्हिडिओ, मग ध्वनी, त्यानंतर जॉयस्टिक वगैरे. म्हणजे तुमच्या मैत्रिणीकडे चित्राची बाजू व्यवस्थित सुरू झाली होती. ध्वनीपाशी गाडी अडली, फंक्शनने ऋण आकडा परत दिला आणि तुमच्या प्रोग्रॅमने तो ‘काहीच सुरू झाले नाही’ असा वाचला.

एका कॉलला एकच उत्तर मिळते, आणि चार गोष्टी एकत्र मागितल्या तर त्यांपैकी कोणती मिळाली नाही हे त्या एका उत्तरातून नीट कळत नाही. म्हणून ज्याच्याशिवाय प्रोग्रॅमला अर्थच नाही ते एसडीएल_इनिटमध्ये मागावे आणि बाकीचे एसडीएल_इनिटसबसिस्टमने एकेक करून मागावे. दुसऱ्या आवृत्तीत ही दोन्ही फंक्शने व्यवहारात एकच काम करतात. तरीही मी दोन नावे मुद्दाम दोन अर्थांनी वापरतो: पहिले आवश्यक गोष्टींसाठी, दुसरे ऐच्छिक गोष्टींसाठी. कोड वाचणाऱ्याला हेतू लगेच कळतो.

काना_मात्रा

तळटीप यांच्या म्हणण्यात भर घालते. ‘एव्हरीथिंग’मध्ये हॅप्टिक, म्हणजे कंट्रोलरला हादरे देणारी उपप्रणालीही येते. एखाद्या ठिकाणी एसडीएल बांधतानाच तो भाग वगळलेला असेल, तर ‘एसडीएल नॉट बिल्ट विथ हॅप्टिक सपोर्ट’ अशा अर्थाचा संदेश देऊन सगळा कॉल अपयशी ठरतो. अक्षर गिरवण्याच्या प्रोग्रॅमचा हादऱ्यांशी काहीही संबंध नाही, आणि तरी तो त्या कारणाने बंद पडू शकतो.

ओळखरेघ

मला इथे थोडा विरोध नोंदवायचा आहे. प्रत्येक उपप्रणाली वेगळी सुरू केली की प्रत्येकीच्या अपयशासाठी कोडमध्ये वेगळी वाट तयार होते. ध्वनी आहे पण कंट्रोलर नाही, कंट्रोलर आहे पण ध्वनी नाही, दोन्ही नाहीत. यांपैकी बहुतेक वाटा लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या संगणकावर कधी चालतच नाहीत. न चालवलेला कोड हा माझ्या मते नसलेल्या कोडपेक्षा वाईट असतो. सुरुवातीलाच स्पष्ट संदेश देऊन थांबणारा प्रोग्रॅम, अर्धवट अवस्थेत पुढे जाऊन तिसऱ्याच ठिकाणी कोसळणाऱ्या प्रोग्रॅमपेक्षा मला अधिक प्रामाणिक वाटतो. लहान प्रोग्रॅमसाठी एक कॉल, एक तपासणी आणि समजेल असा संदेश एवढे पुरे आहे. मात्र ‘एव्हरीथिंग’ नको, या मुद्द्याशी मी सहमत आहे. जे वापरायचे नाही ते मागू नये.

अनुस्वार

ओळखरेघ, तुमची हरकत मला पटण्यासारखी वाटते, कारण आवाज नसताना काय होते हे मी खरोखरच कधी पाहिलेले नव्हते. पण माझ्या संगणकावर ध्वनीचे उपकरण आहे, मग ते नसल्याची स्थिती मी तपासू कशी?

तळटीप

त्यासाठी उपकरण काढण्याची गरज नाही. दुसऱ्या आवृत्तीत ‘एसडीएल_ऑडिओड्रायव्हर’ नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रॅम चालवताना बाहेरून देता येणारी किंमत, आहे. त्यात अस्तित्वात नसलेल्या ड्रायव्हरचे कोणतेही नाव घालून प्रोग्रॅम चालवा. लायब्ररीला त्या नावाचा ड्रायव्हर सापडणार नाही आणि ध्वनीची उपप्रणाली हमखास अपयशी ठरेल. ‘एसडीएल_व्हिडिओड्रायव्हर’ने चित्राच्या बाजूचेही तसेच करता येते. ओळखरेघ म्हणतात त्या न चाललेल्या वाटा अशा रीतीने कोणत्याही संगणकावर, काही सेकंदांत चालवून पाहता येतात.

याच व्हेरिएबलमध्ये ‘डमी’ हे नाव दिले तर उलटे घडते. उपप्रणाली सुरू होते, पण आवाज कुठेही जात नाही. पडदा नसलेल्या सर्व्हरवर आपोआप चाचण्या चालवायच्या असतील तेव्हा चित्र आणि ध्वनी दोन्ही डमीवर ठेवतात. अपयशाची वाट तपासायला खोटे नाव, आणि यशाची वाट उपकरणाशिवाय तपासायला डमी. तिसऱ्या आवृत्तीत या व्हेरिएबलच्या नावात ‘ड्रायव्हर’च्या आधी एक अधिकची अधोरेषा आली आहे, तेवढे लक्षात ठेवावे.

ओळखरेघ

खोट्या नावाची युक्ती मला ठाऊक नव्हती. चाचणी इतकी सोपी असेल तर माझ्या हरकतीचा बराचसा जोर ओसरतो. तरीही ती चाचणी प्रत्यक्ष केली जाईल की नाही, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

पानगळ

ध्वनी सुरू न झाल्यावर पुढे काय करायचे, त्याविषयी अनुभवाने सांगतो. माझ्या पहिल्या प्रोग्रॅममध्ये मी ‘आवाज आहे का’ असा एक व्हेरिएबल ठेवला आणि जिथे जिथे आवाज वाजवायचा तिथे तिथे त्याची तपासणी लिहिली. अशा वीसबावीस जागा झाल्या आणि त्यातल्या दोन मी विसरलो. ओळखरेघ यांना ज्याची भीती वाटते तेच माझ्या बाबतीत घडले. त्यानंतर मी आवाज वाजवण्याचे काम एकाच फंक्शनकडे सोपवले. बाकीचा सगळा प्रोग्रॅम त्या फंक्शनला फक्त ‘हा उच्चार वाजव’ असे सांगतो. आवाज उपलब्ध आहे की नाही हे त्या एका दारापाशीच ठरते आणि नसेल तर ते फंक्शन काही न करता परत येते. अनुस्वार, तुमच्या प्रोग्रॅममध्ये उच्चार ऐकू येणार नसेल, तर तेवढ्याच जागी अक्षराचे नाव पडद्यावर मोठ्या अक्षरांत दाखवता येईल.

शून्यापासून

एक मूलभूत शंका विचारतो. मी फक्त व्हिडिओचा फ्लॅग दिला होता. नंतर एसडीएल_वॉजइनिट या फंक्शनला शून्य देऊन काय काय सुरू आहे ते छापले, तर ३२ ऐवजी १६४१६ आले. माझे काही चुकले आहे का?

काना_मात्रा

चुकलेले नाही. १६४१६ म्हणजे ३२ अधिक १६३८४, आणि १६३८४ हा इव्हेंटचा बिट आहे. व्हिडिओ मागितला की इव्हेंटची उपप्रणाली त्याच्यासोबत आपोआप येते, कारण खिडकी आहे पण ती बंद करण्याची, हलवण्याची किंवा कळ दाबल्याची सूचनाच मिळत नाही, अशा खिडकीचा उपयोग नाही. जॉयस्टिकही इव्हेंटला सोबत आणते आणि गेम कंट्रोलर जॉयस्टिकला आणतो. फक्त कंट्रोलर मागून पाहिलात तर ८१९२, ५१२ आणि १६३८४ मिळून २५०८८ दिसेल.

एसडीएल_वॉजइनिट हे फंक्शन फार कमी लोक वापरतात, याचे मला वाईट वाटते. प्रोग्रॅम सुरू झाल्यावर त्याचे उत्तर एकदा लॉगमध्ये लिहून ठेवले, तर ‘आमच्याकडे आवाज येत नाही’ अशी तक्रार आल्यावर निम्मे काम तिथेच होते.

शून्यापासून

खूप आभार. बेरीज करून पाहिली, जुळली.

दीर्घवेलांटी

वरील चर्चा दुसऱ्या आवृत्तीवर चालली आहे. जे आता नव्याने सुरुवात करत आहेत किंवा जुना प्रोग्रॅम तिसऱ्या आवृत्तीवर नेत आहेत, त्यांच्यासाठी एक इशारा देणे मला आवश्यक वाटते, कारण यात माझे स्वतःचे दोन दिवस गेले आहेत.

दुसऱ्या आवृत्तीत एसडीएल_इनिट यशस्वी झाल्यास शून्य आणि अपयशी झाल्यास ऋण आकडा देते. तिसऱ्या आवृत्तीत तेच फंक्शन बूलियन देते: यशाला खरे, अपयशाला खोटे. आता ‘उत्तर शून्यापेक्षा लहान असेल तर थांब’ अशी जुनी अट तशीच राहिली, तर ती कधीच खरी होत नाही, कारण बूलियनची किंमत ऋण नसते. कोड बिनतक्रार कंपाइल होऊ शकतो आणि अपयश मात्र न दिसता निसटून जाते. ज्यांनी ‘उत्तर शून्य नसेल तर थांब’ असे लिहिले होते त्यांचे उलटे होते. सगळे सुरळीत सुरू झाले असताना प्रोग्रॅम अपयशाचा संदेश देऊन बंद पडतो. दुसरी चूक निदान लगेच दिसते. माझी पहिली होती. व्हिडिओ सुरू झाला नव्हता हे मला सुरुवातीच्या ओळीत कळायला हवे होते, ते कितीतरी पुढे, टेक्श्चर तयार होईना तेव्हा कळले.

त्या आवृत्तीत ‘एव्हरीथिंग’ हा फ्लॅगच काढून टाकला आहे. टायमरचा फ्लॅगही गेला, कारण टायमर आता न मागता उपलब्ध असतो. गेम कंट्रोलरचे नाव गेमपॅड झाले आणि कॅमेऱ्याची नवी उपप्रणाली आली. तिसऱ्या मालिकेची पहिली स्थिर आवृत्ती, ३.२.०, जानेवारी २०२५ मध्ये आली. अनुस्वार, तुमचा पहिला प्रश्न लायब्ररी लिहिणाऱ्यांनीच एका अर्थी निकालात काढला आहे.

ओळखरेघ

दीर्घवेलांटी, फ्लॅग काढला एवढ्यावरून तसा निष्कर्ष काढता येईल असे मला वाटत नाही. हवे ते चार बिट अजूनही एका कॉलमध्ये जोडता येतातच. ‘सगळे’ मागण्याची सोय गेली, ‘एकदम’ मागण्याची गेली नाही. माझा मुद्दा दुसऱ्याविषयी होता.

दीर्घवेलांटी

मान्य. हा भेद मी नीट केला नव्हता.

जुनीवही

मी १.२ आवृत्तीपासून ही लायब्ररी वापरत आलो आहे, म्हणून या सवयीचे मूळ कुठे असावे ते सांगतो. सॅम लँटिंगा यांनी १९९८ मध्ये एसडीएल सुरू केली. १.२ मध्ये उपप्रणाली थोड्या होत्या: टायमर, ध्वनी, व्हिडिओ, जॉयस्टिक आणि चक्क सीडी-रॉम. थोड्याच गोष्टी असताना ‘सगळे’ म्हणण्यात फारसा धोका वाटत नसे. त्या काळातली टिपणे पुढे नक्कल होत राहिली, २०१३ मध्ये २.०.० आली, सीडी-रॉमचा फ्लॅग गेला, हॅप्टिक आणि कंट्रोलर आले, पुढे सेन्सर आला. ‘सगळे’ या शब्दाचा अर्थ वाढत गेला आणि टिपणातली ओळ मात्र तीच राहिली.

जुन्या कोडमध्ये ‘नोपॅराशूट’ असा एक फ्लॅगही दिसेल. १.२ मध्ये प्रोग्रॅम कोसळला तर पडद्याचे रिझोल्यूशन बिघडलेले राहू नये म्हणून लायब्ररी काही सिग्नल स्वतः पकडत असे. त्याला पॅराशूट म्हणत, आणि ते नको असेल तर हा फ्लॅग द्यावा लागे. दुसऱ्या आवृत्तीत तो फक्त जुना कोड कंपाइल व्हावा म्हणून ठेवला आहे, त्याचा परिणाम काही होत नाही. तो दिसला तर ते टिपण किती जुने आहे याचा अंदाज करावा.

अर्धस्वर

मी पायथनमध्ये पायगेम ही खेळ लिहिण्याची लायब्ररी वापरते. त्याची दुसरी आवृत्ती एसडीएलच्या दुसऱ्या आवृत्तीवर उभी आहे, म्हणून हा अनुभव इथे सांगणे अस्थानी होणार नाही. तिथे पायगेम.इनिट हे फंक्शन सगळे भाग सुरू करून पाहते, पण एखादा भाग सुरू झाला नाही तर अपवाद (एक्सेप्शन, म्हणजे प्रोग्रॅम थांबवणारी चूक) फेकत नाही. ते दोन आकड्यांची जोडी परत देते: किती भाग सुरू झाले आणि किती अपयशी ठरले. म्हणजे ध्वनीचे उपकरण नसले तरी प्रोग्रॅम पुढे जातो. हे अनुस्वार यांना हवे तसेच वाटेल. पण त्या जोडीकडे बहुतेक जण पाहतच नाहीत, आणि पुढे पहिला आवाज वाजवताना ‘मिक्सर सुरू केलेला नाही’ असा अपवाद येतो. चूक सुरुवातीला झालेली असते आणि तक्रार मात्र मधल्याच ओळीची येते.

म्हणून मी आता ज्याची खात्री हवी तो भाग स्वतंत्रपणे सुरू करते. पायगेम.मिक्सर.इनिट एकट्याने बोलावले तर अपयशावर ते स्पष्ट अपवाद फेकते आणि तो त्याच जागी पकडता येतो. भाषा निराळी असली तरी माझे उत्तर तळटीप यांच्यासारखेच आहे.

सूक्ष्मरेषा

सुरू होण्याला लागणाऱ्या वेळेविषयी कोणी बोललेले नाही. माझ्या प्रोग्रॅमची खिडकी काही संगणकांवर उघडायला लक्षात येण्याजोगा वेळ घेत होती. प्रत्येक उपप्रणाली वेगळी सुरू करून मधला वेळ मोजला, तेव्हा तो जवळजवळ सगळा जॉयस्टिकच्या वाट्याला गेलेला दिसला. ती सुरू होताना जोडलेली उपकरणे धुंडाळते आणि काही यूएसबी उपकरणे उत्तर द्यायला वेळ लावतात. माझ्या प्रोग्रॅममध्ये कंट्रोलर फक्त एका पानावर लागत होता. मी ती उपप्रणाली तिथे पोहोचल्यावर सुरू करू लागलो. उशिरा सुरू केली तरी आधीपासून जोडलेल्या कंट्रोलरसाठी ‘उपकरण जोडले गेले’ असा इव्हेंट येतो, त्यामुळे वेगळे काही करावे लागत नाही. ओळखरेघ, एकाच कॉलमध्ये सगळे ठेवले असते तर वेळ कुठे जातो हे मला मोजताही आले नसते.

निळीशाई

सूक्ष्मरेषा यांच्याच अडचणीवर मी दुसरा उपाय करून पाहिला आणि तो फसला, म्हणून सांगून ठेवतो. मी एसडीएल_इनिट दुसऱ्या थ्रेडवर, म्हणजे प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या दुसऱ्या धाग्यावर, टाकले, म्हणजे मुख्य थ्रेड फायली वाचत राहील. लिनक्सवर चालले. मॅकवर प्रोग्रॅम खिडकी उघडतानाच कोसळला.

तळटीप

व्हिडिओ मुख्य थ्रेडवरच सुरू करावा, असे दस्तऐवजात सांगितले आहे. मॅकवर खिडक्या आणि इव्हेंट यांचा सगळा व्यवहार मुख्य थ्रेडवरच व्हावा अशी त्या प्रणालीची अट आहे. विंडोजवर खिडकीचे संदेश ती ज्या थ्रेडने निर्माण केली त्याच थ्रेडकडे जातात. लिनक्सवर चालले हा योगायोग समजावा. फायली वाचण्याचे काम दुसऱ्या थ्रेडकडे द्यावे आणि एसडीएल मुख्य थ्रेडवर ठेवावी. तुम्ही केले त्याच्या नेमके उलट.

जुनीवही

क्रमाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगतो. काही गोष्टी एसडीएल_इनिटच्या आधी कराव्या लागतात. ड्रायव्हर निवडण्याचा हिंट, म्हणजे लायब्ररीला दिलेली सेटिंगची सूचना, आधी द्यावा लागतो, कारण उपप्रणाली सुरू होताना तो एकदाच वाचला जातो. विंडोजवर जास्त घनतेच्या पडद्यासाठी जो डीपीआयचा हिंट आहे, त्याचेही तसेच. तिसऱ्या आवृत्तीत प्रोग्रॅमचे नाव आणि आवृत्ती सांगणारे फंक्शन आले आहे, तेही सर्वांत आधी बोलावायचे. हिंट नंतर दिला तर फंक्शन तक्रार करत नाही, फक्त परिणाम होत नाही, आणि माणूस बराच वेळ भलतीकडेच शोधत राहतो.

काना_मात्रा

सोबतच्या लायब्रऱ्यांचे उत्तर कसे तपासायचे हेही इथे असू द्यावे, कारण दुसऱ्या आवृत्तीच्या कुटुंबात प्रत्येकीची रीत निराळी आहे. फॉन्टसाठीचे टीटीएफ_इनिट अपयशाला उणे एक देते. चित्रांसाठीचे आयएमजी_इनिट आणि आवाजासाठीचे मिक्स_इनिट मात्र कोणकोणत्या प्रकारच्या फायली वाचता येतील त्यांचे बिट परत देतात. तिथे शून्य हे यश नव्हे. पीएनजी आणि जेपीजी दोन्ही मागितले असतील, तर उत्तरात दोन्ही बिट आहेत का ते पाहावे लागते. एसडीएल_इनिटची तपासणी उचलून तिथे चिकटवली की ती चुकीची ठरते. आणखी एक गोष्ट: एसडीएल_गेटएररमध्ये मजकूर आहे म्हणजे चूक झाली, असे समजू नये. यशस्वी कॉलनंतर आधीचा मजकूर पुसला जातोच असे नाही. आधी परतलेली किंमत पाहावी आणि ती अपयशाची असेल तरच मजकूर वाचावा.

पानगळ

बंद करण्याविषयी एक प्रसंग सांगतो. आमच्या एका प्रोग्रॅममध्ये ध्वनीचा भाग दुसऱ्या सहकाऱ्याने लिहिला होता. त्याने स्वतःच्या भागाच्या शेवटी एसडीएल_क्विट लिहिले. आवाज बंद करण्याचे बटण दाबले की मुख्य खिडकीच नाहीशी होत असे. लायब्ररी प्रत्येक उपप्रणाली किती वेळा मागितली गेली याची मोजणी ठेवते. दोघांनी ध्वनी मागितला आणि एकाने एसडीएल_क्विटसबसिस्टमने सोडला, तर दुसऱ्यासाठी तो चालू राहतो. पण एसडीएल_क्विट ती मोजणी पाहत नाही, ते सगळेच बंद करते. म्हणून एखाद्या भागाने फक्त स्वतः मागितलेले सोडावे, आणि एसडीएल_क्विट मुख्य प्रोग्रॅमने अगदी शेवटी एकदाच बोलवावे. सगळ्या उपप्रणाली एकेक करून सोडल्या असल्या तरीही ते बोलवायचेच असते. सुरू करतानाच अपयश आले असेल तेव्हाही ते बोलावणे सुरक्षित आहे.

ओळखरेघ

ही मोजणी माझ्या लक्षात आली नव्हती. एका कॉलने सगळे सुरू केले की कोणता भाग कोणाचा, हे पुसले जाते, हे मात्र मला मान्य करावे लागेल. पानगळ यांच्या सहकाऱ्याने ध्वनी स्वतः मागितला असता, तर तो सोडायचा कसा हेही त्याला तिथेच दिसले असते. वाटा कमी ठेवाव्यात यावर मी अजून ठाम आहे, पण उपाय म्हणून आता मी एक कॉल सुचवणार नाही. आवश्यक आणि ऐच्छिक असे दोनच गट करावेत आणि ऐच्छिक गटातल्या प्रत्येकासाठी पानगळ यांनी सांगितले तसे एकच दार ठेवावे.

अनुस्वार

सर्वांची मनापासून आभारी आहे. काल संध्याकाळी बसून बदल केले. एसडीएल_इनिटमध्ये आता फक्त व्हिडिओ आहे. तो सुरू झाला नाही तर प्रोग्रॅम थांबतो. ध्वनी त्यानंतर वेगळा मागते आणि तो मिळाला नाही तर उच्चाराच्या जागी अक्षराचे नाव मोठे दिसते. जॉयस्टिक आणि हॅप्टिक काढून टाकले, कारण मी ते कधी वापरलेच नव्हते. ध्वनीच्या ड्रायव्हरचे खोटे नाव देऊन चालवून पाहिले तेव्हा दोन ठिकाणी चुका सापडल्या. ओळखरेघ, त्या तुम्ही म्हणालात तशाच, कधी न चाललेल्या ओळींत होत्या. मैत्रिणीच्या संगणकावरही आता खिडकी उघडते.

दोन गोष्टी राहिल्या. व्हिडिओ सुरू झाला नाही तर संदेश टर्मिनलवर जातो, पण माझा प्रोग्रॅम वापरणारे टर्मिनल उघडणारे नाहीत. त्यांना तो दाखवू कसा? आणि मुलांनी प्रोग्रॅम सुरू केल्यावर मग कोणी हेडफोन जोडले, तर आवाज सुरू करता येईल का?

काना_मात्रा

पहिल्यासाठी एसडीएल_शोसिंपलमेसेजबॉक्स आहे. ते एसडीएल_इनिटच्या आधीसुद्धा बोलावता येते, त्यामुळे व्हिडिओ सुरू न झाल्याचे सांगायलाही चालते. मुळात पडदाच नसेल तर तेही अपयशी ठरेल, म्हणून टर्मिनलवरची ओळ काढू नका, दोन्ही ठेवा. संदेशात एसडीएल_गेटएररचा मजकूर जरूर घाला, पण त्याच्या आधी मराठीत एक वाक्य असू द्या.

तळटीप

दुसऱ्यासाठी पडद्यावर आवाजाचे एक बटण ठेवा. ते दाबले आणि एसडीएल_वॉजइनिटच्या उत्तरात ध्वनीचा बिट नसेल, तर एसडीएल_इनिटसबसिस्टम पुन्हा बोलवा. आधी एकदा अपयश आले म्हणून नंतर मागता येत नाही असे काही नाही. यश आले तर उच्चारांच्या फायली त्याच वेळी उघडा, कारण सुरुवातीला त्या उघडल्या गेलेल्या नसतील. ही वाट तपासायला पहिल्या वेळी खोट्या नावाने अपयश घडवा, आणि बटण दाबल्यावर दुसऱ्या प्रयत्नाआधी तो व्हेरिएबल प्रोग्रॅममधूनच रिकामा करा.

अनुस्वार

आज रात्री हे करून पाहते आणि काय झाले ते इथेच लिहिते.